मूळचे कोण आणि उपरे कोण?
माजिवड्याच्या परिसरातील रानटी सस्तन प्राणी

माजिवड्याच्या नाक्यावर तीन मोठे रस्ते एकत्र येतात. एक मुंबईकडून येतो, दुसरा नाशिककडे जातो आणि तिसरा डोंगराच्या कडेने घोडबंदराची वाट धरतो. या तिसऱ्या रस्त्यावर दोन नावे अशी आहेत की, आजच्या विषयाची प्रस्तावना तीच करतात. एक वाघबीळ आणि दुसरे घोडबंदर. पहिल्या नावातील जनावर इथल्या मातीचे. दुसऱ्यातील जनावर समुद्रापलीकडून गलबतांत घालून आणलेले. अरबी घोड्यांचा व्यापार या खाडीतून चाले आणि त्यावरून बंदराला नाव पडले, असे सांगतात. एकाच रस्त्यावर मूळचा आणि उपरा असे शेजारी नांदत आहेत. आज दोन्ही ठिकाणी उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत राहावयास आलेल्या कुटुंबांना खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. त्या डोंगरात काय राहते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोंगराखाली आपल्याबरोबर काय राहावयास आले आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

प्राणिशास्त्रज्ञांची कसोटी साधी आहे. जो प्राणी स्वतःच्या पायांनी किंवा पंखांनी एखाद्या प्रदेशात पोचला आणि हजारो वर्षे तिथे टिकला, तो तिथला. ज्याला मनुष्याने जाणूनबुजून किंवा नकळत आणून सोडले, तो उपरा. आपल्या भागात या प्रश्नाचा अभ्यास पुष्कळ जुना आहे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली. तिने १९११ पासून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी चालविली. आणि १९४८ साली प्रेटरसाहेबांचा भारतीय प्राण्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही चाळावयास घेतला तर खाली ठेववत नाही.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडील भाग होय. सारे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, ससा, उदमांजर ही मंडळी तिथे आहेतच. माकड आणि वानर हे दोघेही आहेत, आणि मराठी भाषेने या दोघांना दोन स्वतंत्र शब्द देऊन मोठाच नेमकेपणा दाखविला आहे: तांबूस तोंडाचे, डोक्यावर केसांची टोपी असलेले ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. परंतु या रानाचे खरे वैभव मोठ्या जनावरांत नसून लहानांत आहे. पिसोरी नावाचे हरीण सशाहून फारसे मोठे नसते. त्याला शिंगे नाहीत, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, आणि पाय इतके बारीक की पाचोळ्यावरून चालताना आवाज होऊ नये. दुसरी वाघाटी. जगातील मांजरकुळात हिच्याहून लहान दुसरे कोणी नाही असे म्हटले तरी चालेल. वजन अवघे दीड किलोच्या आसपास, पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढाच तिचा मुलूख. लंडनच्या संग्रहालयात हिचे कातडे पाहावयास लोक थांबतील. आणि ती ज्या डोंगरात जिवंत फिरते, त्याच्या पायथ्याशी हिचे नाव ठाऊक असलेली माणसे किती सापडतील?

डोंगर सोडून घरात यावे. स्वयंपाकघरात रात्री जे खुडबुडते, त्या सर्वांना गृहिणी 'उंदीर' या एकाच नावाने ओळखते. वास्तविक पाहता तिथे किमान चार निरनिराळ्या जातींची वहिवाट असते. घूस ही इथलीच. खाडीकाठची शेते आणि घरांचे पाये पोखरणारी. काळा उंदीर, ज्याची शेपटी अंगाहून लांब असते आणि जो माळ्यावर व झाडांवर चढतो, तोही मूळचा या भारतखंडाचा. इथूनच धान्याच्या पोत्यांबरोबर जहाजांत शिरून तो युरोपात आणि साऱ्या जगात गेला. गटारांत राहणारा जाडजूड तपकिरी उंदीर मात्र उपरा. त्याचे मूळ घर उत्तर चीन आणि मंगोलियाकडील. बंदरांच्या मार्गाने तो आला आणि बंदरांच्या गावीच विशेष माजला.

आणि चौथी चिचुंद्री. ती उंदीरच नव्हे! तिचे दात कुरतडण्यासाठी नाहीत, कीटक फोडण्यासाठी आहेत. तोंड लांब व निमुळते, डोळे मोहरीएवढे, भिंतीच्या कडेने चिकचिक करीत पळण्याची सवय आणि अंगाला उग्र दर्प. झुरळे हे तिचे आवडते अन्न. झुरळांचा बंदोबस्त करणाऱ्या या प्राण्याला उंदीर समजून झाडूने मारणे म्हणजे फुकट राबणाऱ्या नोकरालाच चोर ठरविण्यासारखे आहे.

काळ्या आणि तपकिरी उंदरांतील हा भेद केवळ ग्रंथांपुरता नव्हता. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग फुटला, आणि त्याने पुढे काय अनर्थ केला हे महाराष्ट्राला सांगावयास नको. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले की, रोग उंदरावरील पिसवेतून माणसाकडे येतो. त्यानंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग-संशोधन मंडळाने हजारो मेलेले उंदीर तपासले, तेव्हा एक क्रम ध्यानात आला. प्रथम गटारांतील तपकिरी उंदीर मरू लागत. काही दिवसांनी घरांतील काळे उंदीर मरत. आणि त्यानंतर माणसे. गटारातला उपरा आणि माळ्यावरचा घरचा यांची गाठ आपल्याच कचऱ्यावर पडत असे. रोगाला त्याहून सोपा पूल कोणता हवा?

आपल्याकडचे प्राणी परदेशी गेल्यावर तिथे काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. माजिवड्याच्या मोकळ्या जागांतून आजही मुंगूस आडवे जाते आणि लोक तो शुभशकुन मानतात. या मुंगसाचा एक धाकटा भाऊबंद १८७२ साली कलकत्त्याहून जमैका बेटावर नेण्यात आला. अवघी नऊ मुंगसे. उद्देश असा की, उसाच्या मळ्यांतील उंदीर त्यांनी खावेत. उंदीर त्यांनी खाल्ले खरे, परंतु उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा. मग जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, कोंबड्या, जे दिवसा सापडेल त्यावर त्यांनी ताव मारला. तरीही १८८३ मध्ये जमैकाहून ती हवाई बेटांत नेण्यात आली! अमेरिकेच्या आग्नेय टोकाला फ्लॉरिडा संस्थान आहे. तिथे सिल्व्हर नदीवर नौकाविहाराचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाने १९३० च्या दशकात प्रवाशांची करमणूक म्हणून आशियातील लाल तोंडाची माकडे नदीतल्या बेटावर सोडली. माकडांना पोहता येते ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. ती पोहून काठावर गेली आणि रानात पसरली. १९८४ पासून २०१२ पर्यंत सुमारे एक हजार माकडे पकडून तिथून हलविली, तरी ती संपली नाहीत. उत्तर हिंदुस्थानात देवळाच्या पायऱ्यांवर बसणारे हेच माकड तिथे सरकारी डोकेदुखी होऊन बसले आहे. प्राणी तोच, स्वभाव तोच. केवळ जागा बदलली.

आता माजिवड्याकडे परतावे. इथे उपऱ्यांची खरी फौज जंगलातून आलेली नाही, ती आपल्या ताटातून उरलेल्या अन्नावर वाढली आहे. कुत्रा व मांजर हे मनुष्याचे जुने सोबती. त्यांना रानटी म्हणता येत नाही आणि मोकाट फिरणाऱ्यांना पाळीवही म्हणवत नाही. उघड्या कचराकुंड्या जिथे, तिथे त्यांची संख्या वाढते. मोकाट मांजर डोंगराच्या कडेला पोचले की वाघाटीच्या शिकारीत वाटेकरी होते. कुत्रा त्याहून पुढे जातो. ठाण्याच्या खाडीला लागलेल्या खारफुटीत कोल्हे राहतात. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल, परंतु खेकडे, मासे आणि उंदीर यांवर ते तिथे चांगले गुजराण करतात. २०२४ साली मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील कोल्ह्यांत रेबीज आढळला. शहरांत या रोगाचा मुख्य वाहक कोण, हे सर्वांस ठाऊक आहे.

इथे बिबट्या येतो. कोकणातले आणि घाटावरचे खेडूत त्यालाही 'वाघ'च म्हणतात, हे वाघबिळाचे नाव ऐकताना ध्यानात ठेवावे. पट्टेरी वाघ या डोंगरांत पूर्वी होता; विहार तलावाजवळ १९२९ साली वाघ मारल्याची नोंद आहे. आज राज्य बिबट्याचे. छायाचित्रांच्या साहाय्याने केलेल्या गणनेत उद्यान व लगतच्या भागात २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबटे मोजले गेले. एवढ्या लहान रानात इतके बिबटे जगतात कशावर? हरणे आहेतच, परंतु त्यांच्या आहाराचा मोठा वाटा मोकाट कुत्र्यांचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की, उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात, आणि त्यामुळे कुत्र्यांचे सुमारे एक हजार चावे टळतात. अंदाज तो अंदाजच. पण त्याची दिशा चुकीची मानण्यास कारण दिसत नाही. म्हणजे ज्याला पकडून न्या असे आपण म्हणतो, तो आपल्याच उकिरड्यावर पोसलेल्या फौजेचा बंदोबस्त करीत असतो. अर्थात् याच कारणाने तो वस्तीपर्यंत येतो, हेही तितकेच खरे.

२० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे ठाण्याच्या समतानगर भागातील एका मोठ्या बाजारसंकुलाच्या आवारात बिबट्या शिरला. तेथून निघून तो जवळच्या एका हॉटेलाच्या तळघरात जाऊन बसला, आणि वनखात्याच्या माणसांनी त्याला बेशुद्ध करून बाहेर काढले. अशा प्रसंगी लोकांची मागणी एकच असते: याला पकडा आणि दूर नेऊन सोडा. मागणी स्वाभाविक आहे. ज्या आईचे मूल अंगणात खेळते, तिच्यापुढे आकडे मांडून उपयोग नाही. पण नेमका हाच उपाय करून पाहिलेला आहे, आणि त्याचा हिशेबही उपलब्ध आहे. जुन्नर वनविभागात २००१ पासून बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा धडाका लावला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले की, तिथे माणसांवर होणारे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते या उपायानंतर १७ वर गेले. मुंबई-ठाण्याच्या उद्यानाभोवती २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांनी जो हाहाकार उडविला, त्याच्या कारणांतही बाहेरचे बिबटे आणून सोडणे हे एक होते, असे अभ्यासकांचे मत आहे.

याची उपपत्ती अवघड नाही. स्वतःच्या मुलखातल्या बिबट्याला पाणी कुठे, वाट कुठली, माणसे केव्हा निजतात, हे सारे ठाऊक असते. तो लपूनछपून आयुष्य काढतो. त्याला पिंजऱ्यात घालून शंभर किलोमीटरवर सोडले की तो घाबरलेला, वाट चुकलेला आणि दुसऱ्या बिबट्यांच्या हद्दीत घुसलेला परका ठरतो. जंगलातला अस्सल मूळ रहिवासी आपण एका रात्रीत उपरा करून टाकतो. जमैकातल्या मुंगसाचे जे झाले, तेच इथे दोन तालुक्यांच्या अंतरात होते. येऊरच्या वारली पाड्यांतील लोकांना हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. त्यांचा वाघोबा देव आहे. त्याच्या लाकडी वा दगडी पाटावर शेंदूर लावून ते वाघबारस करतात. शहरवासी याला भाबडेपणा म्हणतो. पण वाघ इथलाच आहे, तो जाणार नाही आणि त्याच्याशी जपून वागले पाहिजे, एवढे त्या पूजेत गृहीत धरलेले असते. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे न सोडणे, झाडीच्या कडेला उजेड ठेवणे, घाण साठू न देणे या गोष्टी वनखाते आज सांगते. पाड्यावरची म्हातारी त्या पूर्वीपासून सांगत आली आहे.

२००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक पोक्त नर बिबट्या बाहेर काढून त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. त्याने महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटरची मजल मारली. कसाऱ्याचा लोहमार्ग, भरवस्ती, कारखाने आणि वसईची खाडी ओलांडून तो या उद्यानाच्या नागला भागात, म्हणजे घोडबंदर रस्त्याच्या पलीकडच्या रानात, येऊन स्थिरावला. साऱ्या प्रवासात त्याने कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. त्याच्यावर २०१४ साली त्याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला. तोपर्यंत आजोबा राहिला नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडताना वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

ठाणे-बोरिवली जोडबोगद्याच्या कामाची पायाभरणी जुलै २०२४ मध्ये झाली. हा जवळजवळ बारा किलोमीटरचा मार्ग असून त्याचा बोगदा उद्यानाच्या पोटातून जावयाचा आहे. बोगद्यावरून जनावरे चालू शकतील. घोडबंदर रस्त्याचे तसे नाही. तो उद्यानाचा मुख्य भाग आणि नागला यांच्यामधून जमिनीवरूनच जातो, आणि इकडून तिकडे जाऊ पाहणाऱ्या बिबट्याला तो रात्री, वाहनांच्या दिव्यांमधून, अजूनही पायीच ओलांडावा लागतो.