वणव्यानंतरचं खरं हिरवं

आपली वारणा सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर उगम पावते आणि चांदोली धरणातून आपल्या उसापर्यंत पोहोचते. त्या माथ्यावरचं जंगल 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. फेब्रुवारी ते मे या काळात तिथल्या सड्यांवरचं गवत वाळून कोळ होतं आणि एका काडीनं डोंगर पेटतो. पुढच्या पावसाळ्यात चांगलं गवत यावं म्हणून कुणी पेटवतं, तर कुणाची विडी पडते. आपोआप वणवा लागणं आपल्याकडे दुर्मीळच.

आग लागली हे कळवण्याची सोय आता चांगली आहे. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांचे इशारे देतं. त्यांपैकी सुओमी एनपीपी उपग्रहावरचा व्हीआयआयआरएस संवेदक जमिनीची उष्णता टिपतो. नकाशावरचा त्याचा एक ठिपका म्हणजे 375 मीटर बाजूचा चौकोन, साधारण 35 एकर. पण ठिपका पडला म्हणजे 35 एकर जळालं असं नव्हे. एखाद्यानं शेतात पाचट पेटवलं तरी ठिपका उमटतो. म्हणून ठिपके जंगलाच्या हद्दीवर ठेवून पाहावे लागतात. शिवाय हा उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. संध्याकाळी पेटून दहाच्या आत विझलेला गवताचा वणवा त्याच्या हातून निसटू शकतो.

जळाल्याचा डाग मात्र लपत नाही. सेंटिनेल-2 ची चित्रं 10 ते 20 मीटरपर्यंतचा तपशील देतात, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी. जिवंत पान जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं आणि त्यातलं पाणी लघुतरंग अवरक्त किरण शोषून घेतं. जळाल्यावर हे उलटं होतं. आगीआधीच्या आणि नंतरच्या चित्रांतला हा फरक मोजला की किती होरपळलं ते समजतं. हीच मोजणी जानेवारीपासून करत गेलं, तर कोणता उतार आधी सुकतोय ते दिसतं. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, आधी कुठे काढायची ते वनखात्याला त्यावरून ठरवता येतं.

आता ज्यासाठी मी मुद्दाम उभा आहे ते सांगतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे ही चित्रं जवळजवळ निरुपयोगी. ऑक्टोबरात आभाळ उघडतं, तेव्हा जळका डोंगर हिरवागार दिसतो. हिरवेपणाचा निर्देशांक वर गेलेला असतो आणि आपण म्हणतो, जंगल सावरलं. हे फसवं आहे! ते गवत असतं, आणि मार्चमध्ये तेच पुढच्या वणव्याचं सरपण होतं. दरवर्षी आग फिरली की जांभूळ, अंजनी, हिरडा यांची कोवळी रोपं मरतात, आणि म्हाताऱ्या झाडांच्या मागे कुणी उरत नाही. म्हणून तुलना मार्चची मार्चशीच करावी. गवत वाळलेलं असताना जे हिरवं उरतं, ते सदाहरित झाडांचं.

सेंटिनेलची चित्रं फुकट मिळतात आणि वारणेच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना संगणक नवा नाही. त्यांनी 2016 पासूनचे मार्च एकापुढे एक लावावेत आणि जिथे हिरवं आक्रसलंय त्या जागा वनरक्षकांना दाखवाव्यात. त्यानंतर परवानगी काढून त्यांच्याबरोबर वर जावं, कारण गुडघाभर उंचीचं जांभळाचं रोप 10 मीटरच्या चौकोनात दिसत नाही, ते वाकून मोजावं लागतं.