विमान आलं, आता आपल्या घराची किंमत काय?
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



हल्ली आपल्या जिन्यात आणि गेटवर एकच विषय असतो. "सोलापूरला विमान सुरू झालं, आता आपल्या फ्लॅटला भाव येणार की हो!" कुणी विकायचं थांबलंय, तर कुणी निवृत्तीचे पैसे 'विमानतळाजवळच्या' प्लॉटमध्ये घालायच्या विचारात आहे. म्हणून आज यावरच बोलतो.

होटगी रोडचा विमानतळ जुनाच. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानाच्या वाटेत येते की नाही, हा वाद कित्येक वर्षं चालला. १५ जून २०२३ रोजी ती पाडली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि १५ ऑक्टोबरला मुंबईचं.

त्या चिमणीवरून एवढं कळतं की विमानतळाशेजारी किती उंच बांधायचं, हे मालकाच्या हातात राहत नाही. मुंबईत विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला भागात 'फनेल झोन'मधल्या कित्येक जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास याच कारणानं अडला. बिल्डर वरचे मजले विकून खर्च काढतो. मजलेच चढवता येत नसतील तर तो येईल कशाला? जागा मोक्याची, पण राहणाऱ्याच्या वाट्याला गळकं छत आणि डोक्यावर विमानाचा आवाज.

दुसरं उदाहरण नवी मुंबईचं. केंद्राची मंजुरी २००७ ची, भूमिपूजन २०१८ चं आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चं. उलवे-पनवेलकडे घरं मात्र विमानतळाच्या नावावर आधीपासूनच विकली जात होती. भाव बातमीबरोबर चढतो, विमान मागून येतं. आणि तिथं नुसता विमानतळ नव्हता. रेल्वे होती, अटल सेतू झाला, जवळ नोकऱ्या होत्या.

आता आपलं बघा. अक्कलकोट सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर. आपल्याला विमानाचा त्रास नाही, पण विमान पकडायला सोपं म्हणून इथं घर घेणाराही विरळाच. बाहेरगावचे स्वामीभक्त लवकर पोचतील, त्याचा फायदा आधी लॉजवाल्यांना, हॉटेलांना आणि गाडीवाल्यांना होईल.

बोरामणीचंही ऐकताच. नव्या विमानतळासाठी तिथं जमीन घेतली, पण वनजमिनीच्या प्रश्नात काम अडकलं. 'बोरामणीपासून पाच मिनिटं' असं सांगून कुणी प्लॉट दाखवला, तर आधी सातबारा, बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउट मागा. विमानतळ झालाच नाही तरी हा प्लॉट मला हवाय का, हेही स्वतःला विचारा. पोरीच्या लग्नाचे पैसे अठरा वर्षं अडकवून चालत नाही.

मग आपल्या फ्लॅटचा भाव कशानं वाढेल? घेणारा आधी भिंतीची ओल बघतो, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतो. त्याच्या बँकेचा वकील विचारतो, जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? पंचवीस वर्षं झाली, आपलं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं आदर्श उपविधीत आहे. तेही आपण पुढं ढकलत आलोय.

माझी विनंती एवढीच, की येत्या वार्षिक सभेत कन्व्हेयन्स आणि ऑडिट हे दोन विषय सगळ्यात वर घ्या. त्यासाठी वर्गणी काढावी लागली तर कुरकुर करू नका. आपल्यातल्या बऱ्याच जणांची आयुष्यभराची कमाई म्हणजे हा एक फ्लॅट आहे, आणि उद्या तो मुलांच्या नावावर करायचाय. त्यांच्या हाती अर्धवट कागद द्यायला नकोत.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.