खुर्चीवरून रिंगणात
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला आहे, ‘सामुदायिक उपक्रमांत भगिनींचा सक्रिय सहभाग’. विषय ऐकला आणि मला हसू आले. ज्या मला पूर्वीपासून ओळखतात त्याही आता मनात हसत असतील. कारण या मंडळात कित्येक वर्षे माझे काम एकच होते. सगळ्याजणी खेळायला उतरल्या की त्यांच्या पर्सा, चष्मे आणि तान्ही मुले सांभाळत खुर्चीवर बसून राहायचे. कोणी हाताला धरून ओढलेच तर माझे उत्तर ठरलेले असे, “माका काय जमूचा नाय गो, तुमी खेळा, मी बघतंय.” तेव्हा सहभागावर बोलण्याचा माझा अधिकार आहे तो न घेतलेल्या सहभागाचा. त्या अनुभवावरच मी बोलणार आहे.

मी खुर्चीवर का बसले ते आधी सांगते. लग्न होऊन मी डिचोलीकडून इकडे आले, त्यानंतरची दुसरी चतुर्थी. वाडीतल्या बायका आमच्या गणपतीपुढे फुगड्या घालायला आल्या होत्या. माहेरी मी फुगडीला पुढे असे. पण इथे सासूबाई बसलेल्या, दोन्ही नणंदा बसलेल्या, नवी साडी अंगावर. वाडीतल्या एका थोरल्या जावेने मला उठवले. नाही म्हणणे बरे दिसेना, म्हणून उठले. हातात हात दिला खरा, पण मन साडीच्या निऱ्यांकडे. फेर जोरात आला, मी घाबरले आणि हात सोडला. मला काही झाले नाही. ती बिचारी मात्र ओटीच्या कडेवर जाऊन आपटली. मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये आणि पुढे भातकापणी आली तेव्हा तिला विळा धरता येईना. तिच्या वाट्याचे शेत दुसऱ्यांनी कापले. मी रोज तिच्याकडे जाऊन भांडी घासत असे, पण डोळ्याला डोळा देत नसे. त्या दिवसापासून मी ठरवले की आपण खेळायचेच नाही.

पुष्कळ दिवसांनी तिनेच एकदा मला बसवून सांगितले. मी समजत होते की माझी चूक हात सोडण्यात झाली. ती म्हणाली, “हात सुटाक काय झाला? तू भार दिलंसच नाय. मी एकटीच मागे गेलंय.”

भगिनींनो, फुगडी आपण सगळ्यांनी लहानपणापासून घातली आहे, पण तिच्यात काय घडते याचा विचार आपण करत नाही. दोघींची पावले मध्ये जवळजवळ, हात फुलीसारखे एकमेकींत अडकवलेले आणि दोघींची अंगे मागे झुकलेली. आपापल्या बळावर पाहिले तर त्या स्थितीत दोघींपैकी एकही उभी राहू शकणार नाही, दोघीही पाठीवर पडतील. तिला मी तोलते आणि मला ती तोलते म्हणून ते चाक फिरते. एक जाड आणि एक बारीक असली तरी फुगडी होते; बारीक जराशी जास्त झुकते, जाड जराशी कमी, दोन फेऱ्यांत अंगाला अंग कळते. पण एकीने भार राखून ठेवला, सावधपणे सरळ उभी राहिली, तर दुसरी जितक्या विश्वासाने झुकली असेल तितक्या जोराने पडते. खुर्चीवर बसलेल्या बाईमुळे फुगडीत कोणी पडत नाही. पडते ती नावापुरती उठलेल्या बाईमुळे. ती बाई मी होते, म्हणून एवढे स्पष्ट बोलते.

आपल्या मंडळाच्या वहीत नावे भरपूर आहेत. सभेला सह्याही होतात. पण सतरंज्या घालणे, चहा ठेवणे, वर्गणीसाठी फिरणे, तहसीलदार कचेरीत अर्ज नेणे ही कामे वर्षानुवर्षे कोणाच्या अंगावर पडतात ते पाहिले तर तीच सातआठ नावे निघतील. बाकीच्यांना वाटते, करणाऱ्या आहेत की. आणि करणाऱ्यांना वाटते, सांगून कोणी येत नाही, त्यापेक्षा आपणच उरकू. दोघींचेही खरे असते. यात एक गोष्ट आपण विसरतो. १९९९ साली दोडामार्ग वेगळा तालुका झाला. त्यापूर्वी आपण सावंतवाडी तालुक्यात होतो. तालुक्याबरोबर कचेऱ्या आल्या, घाटावरून शिक्षिका, परिचारिका, कारकून आले. तिळारी धरणात ज्यांची गावे गेली ती घरे नव्या वस्त्यांत आली. केरळातून रबर-अननसाच्या बागायतीसाठी कुटुंबे आली. पूर्वी वाडीत आपण एकमेकींच्या चुली ओळखत होतो. आज शेजारी राहणारी बाई कोणत्या गावची हे विचारायलाही संकोच वाटतो. चुलीची ओळख संपली तिथे मंडळाची गरज सुरू झाली, असे मला वाटते.

माझा भाचा पणजीकडे एका कंपनीत आहे. त्यांची कंपनी वर्षातून एकदा सगळ्यांना समुद्रकाठच्या हॉटेलात नेते आणि दिवसभर खेळ खेळवते. दोरी ओढायची, डोळे बांधून चालायचे, कागदाचे मनोरे करायचे. त्याला म्हणे ‘टीम बिल्डिंग’ म्हणतात आणि ते शिकवायला पैसे देऊन माणूस बोलावतात! मी त्याला म्हटले, अरे, मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तिथे जा. दोन्ही बाजूंना दोरावर माणसे लागतात, लांबचे जाळे हळूहळू काठाला येते आणि मासळीचे वाटे पडतात. तिथे कोणी व्याख्यान देत नाही. तो म्हणाला, “मावशी, रापणीत मासळी असते, आमच्या दोरीला काही नसते.” त्याचे बोलणे मी थट्टेवारी नेले, पण नंतर पटले. नुसता खेळ दोन घटका माणसे जवळ आणतो. त्याच्या टोकाला काहीतरी खरे बांधलेले असले तर ती जवळ राहतात.

मुंबईला गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. उसने आणलेले ८० रुपये हे भांडवल आणि पहिल्या दिवशीचा माल पापडांची चार पाकिटे. त्यातून लिज्जत पापडाचा केवढा पसारा झाला हे तुम्हाला ठाऊक आहे. आज हजारो भगिनी त्यात आहेत. सकाळी केंद्रावरून पीठ घरी न्यायचे, पापड लाटून दुसऱ्या दिवशी द्यायचे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. त्या सातजणी आधी लाटायला बसल्या, पदे मागून आली. आपल्याकडे नवा उपक्रम निघाला की अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण यात पहिली दुपार जाते. (चिटणीसबाई माझ्याकडे पाहत आहेत, पण हे त्यांनाही पटेल!)

माझी खुर्ची सुटली ती वहाळावर. आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मार्चएप्रिलात वहाळ आटतात आणि विहिरीचा तळ दिसतो. म्हणून पाऊस गेल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालायचा. मंडळाने एका वर्षी हे काम अंगावर घेतले. मी नेहमीप्रमाणे पर्सा सांभाळायच्या म्हणून गेले. पण वहाळात खुर्ची कुठून आणणार! पोती हातोहात न्यायची साखळी लागली होती आणि मध्ये एक जागा रिकामी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या दोघींना प्रत्येक पोत्यामागे दोन दोन पावले पुढेमागे व्हावे लागत होते. कोणी मला बोलावले नाही. ते बघवेना म्हणून मी त्या जागेवर जाऊन उभी राहिले. संध्याकाळी कंबर धरली होती. पाण्यात पाय बुडवून आम्ही चहा प्यायलो, तेव्हा माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोघींची नावे मला पहिल्यांदा कळली. दोघी मंडळात चार वर्षे होत्या.

त्याच दिवशी सत्तरी ओलांडलेली एक मावशी दगडावर बसून दाभण-सुतळीने पोत्यांची तोंडे शिवत होती. तिच्या शिवणीतले एकही पोते फुटले नाही. तेव्हा गुडघे दुखतात, वय झाले, ही कारणे खोटी असे मी म्हणणार नाही. पण काम वाटताना त्या गुडघ्यांसाठी दगडावरची जागा ठेवली आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आयोजकांची. फुगडी न जमणाऱ्या बाईला गाणी पाठ असतात, ताल धरता येतो. काजूच्या दिवसांत कार्यक्रम ठेवून “बायका येत नाहीत” म्हणणे हेही बरे नव्हे. आणि प्रत्येक गोष्टीची स्पर्धा करू नये, अशी माझी प्रार्थना आहे. पहिले तीन नंबर काढले की उरलेल्या सगळ्या प्रेक्षक होतात आणि पुढच्या वर्षी खुर्च्या वाढवाव्या लागतात.

केरळची आपली एक भगिनी दोन वर्षे मागच्या रांगेत बसत असे. भाषेमुळे ती गप्प आणि आपणही गप्प. एका चतुर्थीला ओणम जवळच आला होता. कोणीतरी सहज विचारले, तुमच्याकडे बायका काय खेळतात? तिने समई मध्ये ठेवायला सांगितली आणि तिरुवातिरा करून दाखवली. दिव्याभोवती रिंगण, झुकत-उठत टाळ्या. आपला झिम्माच जणू पाहुणा होऊन आला! अर्ध्या तासात वीसजणी तिच्यामागे फिरत होत्या. तिला मराठी त्या दिवशी आले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बाजारात तिला हाका येऊ लागल्या.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. त्या भगिनीला विचारले. नाव न घेता सांग म्हणाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि गोव्याची हद्द बंद झाली. आपल्या किती घरांतली माणसे रोज सकाळी दुचाकीवरून गोव्यात कामाला जातात, दुखण्याखुपण्याला आपण बांबोळीला धावतो, हे मी सांगायला नको. एका नाक्यावर घराचे दोन भाग झाले. त्या दिवसांत फुगडीच्या आणि बंधाऱ्याच्या बायकांचे एकमेकींना फोन चालू होते. कोणाकडे तांदूळ आहेत, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, कोणाचे मूल तापले, सगळे कळत होते आणि काही ना काही सोय होत होती. आम्हाला त्याचा अभिमानही वाटत होता.

वर्षभराने कळले, आपल्याच मंडळातली एक भगिनी त्या काळात सहा महिन्यांची गरोदर होती. नवरा कारखान्यात पलीकडे अडकलेला. घरात ती आणि तीन वर्षांची मुलगी. रोजच्या गोळ्या संपल्या, पैसे संपत आले, एका रात्री पोटात दुखू लागले तेव्हा सकाळपर्यंत मुलीला जवळ घेऊन बसून राहिली. सुदैवाने निभावले. मी वही काढून पाहिली. आदल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक सभेला तिची सही आहे. मी तिला विचारले, अगं, आम्हाला एक फोन का केला नाहीस? तिने तक्रार केली नाही. म्हणाली, “कोणाक करू, तां सुचलाच नाय.”

ती दर वेळी शेवटच्या खुर्चीवर बसत असे. तिच्या शेजारी पर्सा घेऊन कधीकधी मीही बसलेली असे.

आता वेळ झाली, चहाची भांडी वाजू लागली आहेत. चहानंतर बाहेर फुगड्या आहेत आणि नंबर काढायचे नाहीत असे अध्यक्षीणबाईंनी कबूल केले आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बाक ठेवला आहे, गाणी त्यांनी सांगायची. आज पर्सा कार्यालयाच्या कपाटात कुलपात राहतील, किल्ली माझ्या पदराला आहे. माझी पहिली फुगडी ठरलेली आहे. तिचे मनगट थंडीत अजून दुखते, पण ती म्हणाली, येतंय.