अल्प व्ययात हिरवळ

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मी कृषिशास्त्राचा पदवीधर नाही. उभे आयुष्य शाळेत मुलांना गणित व मराठी शिकविण्यात गेले. तथापि गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत आपल्या विद्यार्थी वसतिगृहापुढील हिरवळीविषयी जो वाद झाला, त्यात माझ्या तोंडून 'एक वर्ष ती माझ्या हाती द्या' असे शब्द निघून गेले. त्या शब्दाचा हिशेब देण्यासाठी मी आज उभा आहे.

वाद आपणांस स्मरतच असेल. कित्येकांचे म्हणणे असे की, जुने गवत काढून विकतच्या कोरियन गवताचे तयार गालिचे अंथरावेत. इतरांचे मत की, एकदाच सिमेंटची फरसबंदी करून ही कटकट मिटवावी. गालिच्यांच्या खर्चात आपल्या दोन होतकरू विद्यार्थ्यांचे वर्षाचे भोजनशुल्क भागले असते. उलटपक्षी फरसबंदी झाली असती, तर सायंकाळी जेथे मुले अनवाणी खेळतात, ती भूमी वैशाखात तव्यासारखी तापली असती. या दोहोंमधून तिसरी वाट काढणे प्राप्त होते.

आपल्या अंगणातील गवत म्हणजे हरळी, अर्थात गणपतीला वाहावयाची दूर्वा. उन्हात वाळून पिवळी पडते, मेली असे वाटते आणि पहिल्या पावसाबरोबर पेरापेरातून पुन्हा फुटते. जे गवत या मातीत आपण होऊन तग धरते, ते उपटून नाजूक गवत विकत आणणे शहाणपणाचे नव्हे.

पहिली गोष्ट पाण्याची. आपण नित्य सायंकाळी थोडथोडे पाणी शिंपडीत होतो. अशाने वरचीच माती ओली होते, मुळे वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की गवत माना टाकते. हिरवळ १५० चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरवर १० लिटर पाणी दिले, म्हणजे १० मिलिमीटर पाऊस पडल्यासारखे होते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पहाटे, याप्रमाणे पाणी दिले असता ३,००० लिटर लागले. पूर्वी रोज चौरस मीटरला ५ लिटर धरले तरी आठवड्यास ५,२५० लिटर जात होते. नळीखाली १५ लिटरची बादली धरून ती किती वेळात भरते हे पाहावे. पुढचा हिशेब चौथीतला मुलगाही करील. हिवाळ्यात अंतर वाढवावे. पावसाळ्यात नळाला हातच लावू नये.

दुसरी गोष्ट कापणीची. येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. स्वातंत्र्यदिनाच्या समारंभासाठी हिरवळ सुबक दिसावी म्हणून मी ती अगदी मुळालगत कापविली. समारंभाच्या दिवशी ती भुंडी आणि पिवळी दिसली! पात्याच्या उंचीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये व सुमारे दीड इंच गवत राखावे, हे तेव्हापासून पथ्य ठेवले आहे. यंत्राचे पाते धारदार हवे. बोथट पाते गवत फाडते व शेंडे तपकिरी होतात. बारीक कापलेले गवत तेथेच पडू द्यावे. ते कुजून फुकटचे खत होते. लांब व ओले असल्यास मात्र गोळा करून खतखड्ड्यात टाकावे.

खताविषयी थोडक्यात सांगतो. पावसाच्या आरंभी पूर्ण कुजलेले शेणखत पोयट्याच्या मातीत मिसळून, चाळून पातळ थरात पसरावे. कच्च्या शेणाबरोबर तणांचे बी आणि हुमणी येण्याचे भय असते. त्याआधी काट्याने तीन इंच खोल छिद्रे पाडली, म्हणजे दबलेल्या मातीत हवा खेळते. युरिया द्यावयाचा तर चौरस मीटरला १० ग्रॅमपेक्षा अधिक नको, म्हणजे एकूण दीड किलो. तो कोरड्या वाळूत मिसळून कोरड्या गवतावर फेकावा आणि लगेच भरपूर पाणी द्यावे. मी एकदा दंवाने भिजलेल्या गवतावर मुठीने फेकला. जेथे जेथे मूठ पडली, तेथे गवत करपले.

लव्हाळ्याचे पाते वरून उपटल्याने काही साधत नाही. खाली गाठी असतात. पाऊस पडून माती मऊ झाली की खुरप्याने गाठीसकट काढावा. गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटावे. रिकाम्या जागी विकतचे काही लावू नये. कडेला पसरलेल्या हरळीचे दोन-तीन इंचांचे, निदान दोन पेरे असलेले तुकडे आषाढात चार-चार इंचांवर खोचले, की त्या भेगा भरून येतात.

हट्ट कोठे सोडावा, हेही कळले पाहिजे. कडुनिंबाच्या दाट सावलीत हरळी वाढत नाही. तेथे दरवर्षी पैसा ओतण्यापेक्षा बाक ठेवावेत. फाटकापासून दारापर्यंत मुले आडवाटेने धावतात. त्यांना रागे भरून उपयोग नाही. त्या वाटेवर पडून असलेल्या शहाबादी फरशीचे तुकडे बसविले. फरसबंदीच्या पुरस्कर्त्यांचे समाधानही अंशतः झाले, असे समजतो.

हे काम एकट्याने केले नाही. वसतिगृहातील मुले रविवारी अर्धा तास आळीपाळीने येत. पहिल्या रविवारी ती हातात खुरपे धरण्यास लाजली. आता आपापल्या पट्ट्याची हिरवळ पालकांना बोट धरून दाखवितात. आज आपण बाहेर पडाल तेव्हा ईशान्येचा कोपरा अजून उघडा दिसेल. तो झाकण्याचा यत्न मी केलेला नाही.

फरसबंदीचा ठराव या सभेपुढे पुन्हा येणार आहे. मत देण्यापूर्वी आपण चपला काढून एकदा त्या गवतावरून चालून यावे, एवढीच माझी विनंती आहे. वाचलेला पैसा विद्यार्थी साहाय्य निधीत जमा व्हावा, अशी सूचना करून मी आपली रजा घेतो.