उत्तरेची खडीची वाट

भूगोलाच्या तासाला कॅनडाचा उत्तरेकडील मुलूख मी नकाशावर बोटानें दाखवीत असें. माझा एक विद्यार्थी यंदा तेथें फटफटीवर गेला. डॉसनजवळून इनुविकला जाणारा डेम्प्स्टर मार्ग सुमारें ७४० किलोमीटर, बहुतेक खडीचा. खालची भूमि कायमची गोठलेली; ती वितळून रस्ता खचूं नये म्हणून खडीचा जाड थर गोधडीसारखा घातला आहे. पावसांत तो साबणासारखा निसरडा होतो. वाटेंतलें पहिलें पेट्रोल ३६९ किलोमीटरांवर! याच मुलुखांत १९११ सालीं चौघांची पोलीस-तुकडी वाट चुकून प्राणांस मुकली. तिचा शोध लावणाऱ्या डेम्प्स्टरचें नांव रस्त्यास आहे. हें मात्र मी वर्गांत कधीं सांगितलें नव्हतें. पांच दिवस त्याचा निरोप नव्हता. सहाव्या दिवशीं आला : "गुरुजी, दोनदां पडलों, पण पोहोंचलों."