वाढीव हमीचा स्वस्त नंबर
(मंडळाच्या यंदाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यापैकी अकराजणींनी मिळून एक बेत केला, तो बहुतेकींना ठाऊक आहे. ज्यांच्या घरी नवा फ्रिज, टीव्ही किंवा कपडे धुण्याचे मशीन आले आहे त्यांनी एकत्र पैसे भरून वाढीव हमीचे नंबर घ्यावयाचे. दुकानात जी हमी तीन हजारांना मिळते, ती एक गृहस्थ फोनवरून नऊशेला देतात, नंबर पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर येतो, असा तो निरोप आहे. काहीजणींनी पैसे खजिनदारबाईंकडे देऊनही ठेवले आहेत. ज्या भगिनीने हा निरोप आणला तिला यात एक पैसा मिळावयाचा नाही, उलट सर्वांचे दोन पैसे वाचावेत म्हणूनच तिने खटपट केली. तेव्हा मी जे बोलणार आहे ते तिच्याविषयी नव्हे. ते त्या नंबराविषयी आहे.

हा धंदा नवा नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत तो जोरात चालला होता. माझी भाची तिकडे न्यू जर्सीला असते. तिला मी आपला हा बेत सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, थांब, पैसे देऊ नका." मग तीन रविवार फोनवर बसून तिने मला तिकडची सारी हकीकत सांगितली आणि इंग्रजीतल्या अटी मराठीत समजावून दिल्या. आज मी सांगते आहे ते त्यातलेच.

तिकडे ईबे नावाचा एक लिलावबाजार आहे. तो संगणकावर भरतो. 1995 साली पिअर ओमिड्यार नावाच्या गृहस्थाने तो सुरू केला. कोणीही आपली वस्तू तिथे मांडावी, ज्याला हवी त्याने बोली लावावी. तिथे अगदी पहिल्यांदा विकला गेला तो एक मोडका लेझर पॉइंटर, 14 डॉलर 83 सेंटांना. मोडका आहे असे सांगूनच तो विकला होता, त्यात लबाडी नव्हती, हे मला विशेष वाटले. हा बाजार आपल्याकडेही होता. मुंबईच्या बाझी डॉट कॉम या कंपनीला ईबेने 2004 साली विकत घेतले आणि 2018 साली ते भारतातले दुकान बंद झाले. अमेरिकेत तो बाजार अजून चालू आहे.

आता ॲपल कंपनीचे संगणक आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मुलांकडे, जावयांकडे असतील. त्यांवर मूळ हमी एक वर्षाची. ती तीन वर्षांपर्यंत वाढवून हवी असेल तर ॲपलकेअर नावाची योजना वेगळे पैसे भरून घ्यावी लागे. मोठ्या मांडीवरच्या संगणकाला, म्हणजे लॅपटॉपला, 349 डॉलर, लहानाला 249. ही योजना तेव्हा दुकानात चक्क खोक्यात मिळत असे. खोक्यात काय, तर अटींचे पुस्तक आणि एक नंबर. घरी येऊन कंपनीच्या पानावर तो नंबर आणि आपल्या संगणकाचा अनुक्रमांक घातला की हमी वाढली. मशीन घेतल्यापासून वर्षाच्या आत केव्हाही हे करता येई.

म्हणजे किंमत होती ती सारी त्या नंबराची. आणि नंबर काय, चिठ्ठीवर उतरवून घेता येतो, ई-मेलने पाठवता येतो. मग ईबेवर हे नंबर निम्म्या किमतीला, कधी त्याहूनही खाली मिळू लागले. "खोके पाठवत नाही, टपालखर्च नाही, नंबर ताबडतोब ई-मेलने."

लोक घेत, आणि विशेष म्हणजे खूष होत. विकणाऱ्याच्या नावापुढे शेकडो शिफारशी असत: नंबर लगेच मिळाला, कंपनीच्या पानावर घातला, तीन वर्षांची तारीख दिसू लागली, उत्तम माणूस. या शिफारशी खोट्या नव्हत्या, खऱ्या गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या होत्या, आणि मला वाटते सगळा घोळ इथेच आहे.

आपण भाजी घेतली आणि ती आतून किडकी निघाली तर संध्याकाळी चिरताना कळते. तांब्याचे म्हणून घेतलेले भांडे चार वेळा घासल्यावर कळते. हमी कधी कळते? वस्तू बिघडली म्हणजे. त्यातून पहिले वर्षभर कंपनीची मूळ हमी असतेच, त्या काळात काही झाले तरी दुरुस्ती फुकटच होते. म्हणजे विकत घेतलेल्या नंबराचे काम सुरू होते ते दुसऱ्या वर्षी. कदाचित तिसऱ्या. तोवर तो नुसता पडून असतो आणि पडून असलेल्या वस्तूला कोणी नावे ठेवीत नाही.

आता तक्रारीची मुदत पाहा. ईबेवर विकणाऱ्याबद्दल बरे-वाईट लिहिण्याची मुदत 60 दिवसांची. वस्तू मिळाल्यावर पैसे परत मागण्याची मुदत साधारण 30 दिवसांची. ज्या पेपल नावाच्या पेढीमार्फत तेव्हा पैसे जात तिच्याकडे पूर्वी 45 दिवसांत भांडावे लागे, 2014 साली ती मुदत 180 दिवस केली. मी बोटे मोजून पाहिली. सर्वांत मोठी मुदत झाली तरी सहा महिन्यांची, आणि बिघाड यावयाचा दीड-दोन वर्षांनी. तोवर त्या माणसाने त्या नावाचे दुकान मोडून दुसऱ्या नावाने थाटलेले. त्याच्या जुन्या नावापुढे मात्र शिफारशी तशाच, शंभर टक्के चांगल्या.

इतके स्वस्त नंबर येत कुठून, असे मी भाचीला विचारले. ती म्हणाली, वाटा पुष्कळ आहेत. काही माल खरोखरच सरळ असे. एखाद्या दुकानाने उरलेली खोकी कमी भावात काढून टाकली, ती कोणी घेतली, पुढे विकली. सगळेच चोर होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु घेणाऱ्याला हा नंबर त्यातला की दुसऱ्या वाटेचा, हे नुसत्या आकड्यांवरून कळण्याचा उपायच नाही.

दुसरी वाट चोरीच्या कार्डाची. कोणाचे तरी क्रेडिट कार्ड चोरून त्यावर योजना घ्यावयाच्या आणि नंबर विकून रोकड करावयाची. चोरीचे दागिने विकताना सोनार विचारतो तरी, कुठून आणले म्हणून. नंबराला कोण विचारणार? पुढे महिना-दोन महिन्यांनी त्या कार्डाच्या मालकाला बिल येते, तो बँकेत ओरड करतो, बँक दुकानाकडून पैसे काढून घेते, आणि ज्या नंबराचे पैसेच बुडाले तो कंपनी रद्द करते. तिसरी वाट दुकानातल्याच खोक्यातून नंबर उतरवून घेण्याची. मग एक दिवस खोके रीतसर विकत घेणारा खरा गिऱ्हाईक उभा राहतो, हातात पावती घेऊन. दोघांत खरा कोण हे ठरवायला कंपनीला वेळ लागत नाही. आणि चौथी वाट तर भलतीच आहे. या योजनेत अशी सोय होती की पटली नाही तर रद्द करून पैसे परत मागावेत, 30 दिवसांच्या आत पुरते, नंतर राहिलेल्या मुदतीच्या हिशेबाने. मूळ पावती विकणाऱ्याच्याच हातात. त्याने तुम्हांला नंबर विकावा, आणि मागाहून तीच पावती दाखवून पैसे परत मागावयास जावे, तर त्याला आडवे कोण येणार?

योजनेच्या अटींत दोन वाक्ये होती, ती मी भाचीकडून दोनदा समजून घेतली. एक असे की मशीनची आणि योजनेची, दोन्हींच्या मूळ पावत्या जपून ठेवा, शंका आल्यास दाखवाव्या लागतील. दुसरे असे की फसवणूक किंवा खोटी माहिती आढळल्यास कंपनी योजना रद्द करू शकते. ई-मेलने नंबर घेणाऱ्याजवळ योजनेची पावती असतच नाही. त्याच्याजवळ असते ती फार तर लिलावात पैसे भरल्याची नोंद. तेव्हा कंपनीच्या पानावर तीन वर्षांची तारीख दिसली म्हणजे काम झाले, ही समजूत चुकीची. ती तारीख जशी चढते तशी उतरतेही, आणि ज्याने मधल्या काळात पुन्हा पाहिले नाही त्याला ते मशीन काउंटरवर ठेवल्यावर कळते.

पुढे 2011 साली ॲपलने नवी योजना काढली, आणि आता तर ती आपल्या यंत्राच्या सेटिंगमधूनच घेता येते, त्या यंत्राच्या अनुक्रमांकाला बांधलेली. म्हणजे हातोहात फिरणाऱ्या सुट्या नंबराची गरजच उरत नाही. तरी तुमच्या मुलांना कोणी अशी खोक्यातली हमी स्वस्तात देऊ केली तर त्यांना एवढे सांगा की यंत्रावरूनच घ्या.

आता आपल्या अकराजणींकडे येते. आपल्याकडे वाढीव हमी देणारे तिघे असतात आणि ते तिघे वेगवेगळे असतात. कधी वस्तू बनवणारी कंपनी देते, कधी ज्या दुकानातून घेतली ते दुकान देते, कधी तिसरीच विमा किंवा दुरुस्ती कंपनी देते. मी त्या निरोपातला नंबर घेऊन तीन ठिकाणी बघितले. नंबराच्या पुढे "ऑल ब्रँड" असे लिहिले आहे. सगळ्या कंपन्यांच्या फ्रिजची हमी एकाच नंबराने देणारा हा कोण, त्याचे नाव त्या चिठ्ठीत कुठेही नाही. हमी म्हणजे कोणीतरी दिलेला शब्द. शब्द देणाऱ्याचेच नाव नसेल तर दोन वर्षांनी दार कोणाचे ठोठावणार?

आणखी एक गोष्ट मला खटकली. त्या गृहस्थांनी बिलाचा फोटो, मशीनवरच्या अनुक्रमांकाचा फोटो आणि आधार कार्ड मागितले आहे. बिल आणि अनुक्रमांक एक वेळ समजू शकते. परंतु फ्रिजच्या हमीला आधार कार्ड कशाला? शिवाय तुमचा अनुक्रमांक आणि तुमचे बिल परक्याच्या हाती गेले तर तुमच्या नावावर दुसऱ्याच्या यंत्राचा दावा लावता येईल. ज्यांनी हे फोटो अजून पाठवले नाहीत त्यांनी पाठवू नयेत, अशी विनंती आहे.

जाता जाता एक सांगते, यात माझे मत आहे, पटेल तिने घ्यावे. वाढीव हमी प्रत्येक वस्तूला लागतेच असे नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर पुष्कळ कंपन्या मूळ किमतीतच 10 वर्षांची हमी देतात. ती आपल्या कार्डावर लिहिलेली असते आणि आपण ते कार्ड मिठाईच्या डब्यात ठेवून विसरतो. मिक्सरला तर वाढीव हमी घेण्यापेक्षा तेवढे पैसे भिशीत टाकलेले बरे. टीव्हीचा पडदा महाग, तिथे विचार करावा. परंतु घ्यावयाचीच तर दुकानात, वस्तू घेतानाच, जीएसटीसकट छापील बिलावर घ्यावी, आणि घरी आल्यावर कंपनीच्या कार्डावरचा फोन फिरवून विचारावे की माझ्या नावावर हमी कोणत्या तारखेपर्यंत आणि कशाकशाची आहे. फोन नंबर कार्डावरचाच घ्यावा, निरोपात आलेला नव्हे. निरोपातल्या नंबरावर फोन केला तर तोच गृहस्थ "होय, हमी आहे" असे सांगेल.

पैसे आधीच गेले असतील तर गप्प बसण्याचे कारण नाही. पैसे फसवून घेतले असल्यास 1930 या नंबरावर लगेच कळवावे, जितक्या लवकर तितके बरे, कारण पैसे पुढे सरकण्याच्या आत अडवता येतात. दुकानदार किंवा कंपनी दिलेली हमी पाळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथे मराठीत बोलता येते. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण तिथेही पहिला प्रश्न पावतीचाच येणार.

आता माझी सूचना. अकराजणींपैकी सातजणींचे पैसे खजिनदारबाईंकडे आहेत, ते अजून पुढे गेलेले नाहीत. त्या गृहस्थांना चिटणीसबाईंनी मंडळाच्या नावाने चार ओळी लिहाव्यात: हमी देणाऱ्या कंपनीचे नाव आणि पत्ता, प्रत्येक वस्तूचे वेगळे जीएसटी बिल, आणि त्या कंपनीकडून आपणांस थेट खात्री करून घेण्याची मुभा. येत्या शुक्रवारपर्यंत वाट पाहावी. उत्तर सरळ आले तर ते सभेपुढे वाचून मग ठरवू. नाही आले, तर शनिवारी भजनानंतर खजिनदारबाईंनी वही उघडावी आणि सातजणींचे पैसे सह्या घेऊन परत करावेत. ज्या चौघींनी पैसे परस्पर पाठवले आहेत त्यांनी आज सभा संपल्यावर मला भेटावे. माझ्या फोनवर 1930 लावून मी त्यांच्याजवळ बसते.