घाईत गेलेलं कसब



मघाशी एका ताईंनी विचारलं, बेकारभत्ता मागणं म्हणजे आळसाला पगार मागणं नाही का? मी माझंच सांगते.

अंधेरीच्या एका कपड्याच्या कारखान्यात मी नऊ वर्षं ओव्हरलॉकवर होते. २०१७ साली लाइन बंद झाली. खोलीचं भाडं थकलेलं. आठव्याच दिवशी मी दुसरीकडे धागे कापायला हेल्पर म्हणून लागले, निम्म्या पगारावर. दोन महिन्यांनी कांदिवलीहून निरोप आला, ओव्हरलॉकवाली हवी आहे. पण तोवर नव्या शेटकडून उचल घेऊन बसले होते. ती फिटेस्तोवर हलता येईना. दोन वर्षांनी मशीनवर परत बसले तर हाताचा वेग गेलेला. पीसरेटवर वेग म्हणजेच पगार!

आता सांगा, माझं कसब आळसानं गेलं का घाईनं? आणि धागे कापणाऱ्या बाईला कुणी 'कुशल' म्हणत नाही, तिला आधी काय येत होतं हे कुणी विचारतही नाही.

२०१८ च्या जुलैपासून ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. काम सुटल्यावर सरासरी कमाईच्या २५ टक्के, २०२० पासून ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. पण आयुष्यात एकदाच, आणि आधी दोन वर्षं विमा असेल तर. आमच्या लाइनवरच्या निम्म्या बायकांची नावं मस्टरवरच नव्हती. त्यांना कसले नव्वद दिवस? आपल्या राज्याच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातही काम न दिल्यास भत्त्याचं कलम होतं. दर, दिवसाला किमान एक रुपया. एवढ्यावर कोण थांबणार?

भत्ता असला की माणसं काम शोधायला जास्त दिवस लावतात, असं अर्थशास्त्रवाले म्हणतात. लावतातच. मीही लावले असते, आणि कांदिवलीला गेले असते. मात्र नुसतं घरी बसूनही हात विसरतो, हे मी नाकारत नाही. म्हणून भत्त्याबरोबर सरावाला मशीन आणि पोरांसाठी पाळणाघर, हेही आपल्या मागणीपत्रात घाला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपली पगाराची चिठ्ठी आणावी. विम्याचा नंबर आहे का, तेवढं आधी बघू. जिच्याकडे चिठ्ठीच नाही, तिनं तर नक्की यावं.